पोर्तुगीज काळात गोव्यात मरताना बाप्तिस्मा दिला तर दफनाची जागा बदलायची का?

हो, बदलायची. चर्चच्या नियमानुसार माणूस मरणाच्या दारात असेल तर पाद्रीच लागतो असं नाही. कुणीही पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा संस्कार, होतो. त्या ओंजळभर पाण्याने मृताला पवित्र केलेल्या जमिनीचा हक्क मिळायचा. बाप्तिस्मा न झालेल्याला तिथे जागा नसे.

आधी दफन चर्चमध्येच होई. जुने गोवे इथल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये खाली बघून चाला. फरशी म्हणजे थडग्यांचे दगडच आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेले, पावलांनी झिजलेले. मला तिथे पाय टाकताना अजून अवघडल्यासारखं होतं. पोर्तुगालने १८३५ मध्ये चर्चमधलं दफन बंद करून सार्वजनिक दफनभूमींचा कायदा केला.

पण मिळालेली जागा कायमची असेच असं नाही. गोव्यातले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचं उदाहरण बघा. जन्माने ज्यू घराण्यातले, बाप्तिस्मा झालेले, १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० मध्ये, ते छुपे ज्यू होते असं ठरवून, त्यांची हाडं उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! धर्मांतर खरं की खोटं याचा खटला असा थेट थडग्यापर्यंत गेला, हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

पणजीत चर्चसमोरच्या महापालिका उद्यानाला त्यांचंच नाव आहे.