कॉलनी, वसाहत आणि बैलांचं जू

एका वाचकांनी प्रश्न पाठवलाय. त्यांच्या कॉलनीच्या फलकावर 'कॉलनी'ऐवजी 'वसाहत' लिहायचं चाललंय, पण काही रहिवाशांना 'वसाहत' म्हटलं की इंग्रजांचं राज्य आठवतं आणि ते नको म्हणतात. राहत्या घरांच्या समूहाला आणि परक्यांनी बळकावलेल्या देशाला एकच शब्द कसा काय, आणि 'कॉलनी'चा मूळ अर्थ यांतला कोणता, असं त्यांनी विचारलंय.

मूळ अर्थ या दोन्हींपैकी नाही. तो शेतातला आहे.

लॅटिनमध्ये 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणं. राहणं, देवाची पूजाअर्चा करणं हेही अर्थ त्याच क्रियापदाचे. कसणारा तो 'कोलोनुस' आणि त्याचं ठिकाण ती 'कोलोनिया'. धातूच्या मुळाशी 'फिरणे' हा अर्थ असल्याने भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या चर् आणि चक्र यांच्याशी जोडतात. म्हणजे आपलं 'चाक' हे 'कॉलनी'चं लांबचं भावंड. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग करतात, पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. कोलोनियात काळी-पांढरी दोन्ही आल्या, हे धरून चाललं की पुढचं सगळं उलगडतं.

रोमन राज्याने या शब्दाला सरकारी अर्थ दिला. जिंकलेल्या मुलखात आपले नागरिक, पुढेपुढे मुख्यतः निवृत्त सैनिक, नेऊन बसवायचे, त्यांना जमीन मोजून द्यायची आणि मध्ये शहर वसवायचं. स्थापनेच्या दिवशी बैल आणि गाय एका जुवाला जुंपून नांगराच्या तासाने शहराची हद्द आखत. बैल बाहेरच्या अंगाला, गाय आतल्या. वेशीच्या जागी नांगर उचलून धरत, कारण नांगरलेली रेघ पवित्र, ती ओलांडायची नाही. अशा कित्येक शहरांच्या नाण्यांवर हीच नांगरणी कोरलेली आहे. उजाड पुण्यात सोन्याचा नांगर फिरवल्याची आपल्याकडची परंपरा वाचकांना आठवेलच. दोहोंचा संबंध नाही, पण वस्तीचा आरंभ नांगराने करावा हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

जमीन किती मिळे? इतिहासकार लिव्हीने आकडे दिले आहेत. इ.स.पू. १८३ मध्ये उत्तर इटलीत पार्मा आणि मोदेना इथे प्रत्येकी २,००० जण बसवले. पार्म्याला माणशी ८ युगेरुम, मोदेन्याला ५. युगेरुम म्हणजे एका बैलजोडीने दिवसभरात नांगरून होईल एवढी जमीन, आपल्या हिशेबाने जवळजवळ २५ गुंठे. म्हणजे पार्मावाल्याच्या वाट्याला ५ एकर आणि मोदेनावाल्याच्या ३ एकर ५ गुंठे. या युगेरुमच्या पोटात 'युगुम' आहे, म्हणजे बैलांचं जू. संस्कृतात तेच 'युगम्', आणि त्या 'युग'चंच मराठीत 'जू' झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन मोजणीदार आणि आपला शेतकरी बैलाच्या मानेवरच्या त्या लाकडाला एकाच घराण्यातला शब्द वापरतात, याचं मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटतं.

मोजणीचं साधनही साधंच. काठीवर आडवी फुली आणि तिच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरचे ओळंबे एका रेषेत धरले की सरळ रेघ आणि काटकोन दोन्ही मिळत. त्या काटकोनांवर सुमारे ७१० मीटर बाजूचे चौरस पाडत, एकेका चौरसात २०० युगेरुम. हे चौरस आजही दिसतात. रिमिनीपासून पियाचेंझापर्यंत इ.स.पू. १८७ मध्ये बांधलेला एमिलिया रस्ता अजून वाहता आहे, त्या प्रांताचं नावही त्यावरूनच पडलं. त्याच्या आसपासचा, विशेषतः चेझेना आणि लुगो या गावांभोवतीचा, उपग्रहाने टिपलेला नकाशा उघडून पाहा. शेतरस्ते, चर, बांध सगळे त्याच चौकटींवर. राज्यं गेली, भाषा बदलली, पण रेघा हलल्या नाहीत, याचं कारण पाणी. ही सपाट, पाणथळ जमीन. रेघांच्या कडेचे चर पाण्याचा निचरा करत. चर बुजवला तर स्वतःचंच पीक सडणार, मग मालक कुणीही असो, तो चर साफच करत राहिला.

आता त्या रहिवाशांना खटकणारा अर्थ. तोही रोमनांच्या काळापासूनच आहे, इंग्रजांनी नंतर चिकटवलेला नाही. पार्मा-मोदेन्याची जमीन आधी बोई नावाच्या गॉल लोकांची होती. ब्रिटनमध्ये आजच्या कोल्चेस्टरला इ.स. ४९ मध्ये निवृत्त सैनिकांची कोलोनिया झाली. तिथल्या मूळ रहिवाशांना ते सैनिक घरांतून आणि शेतांतून हाकलत, गुलाम म्हणत, असं खुद्द रोमन इतिहासकार ताकितुस लिहितो. इ.स. ६०-६१ मध्ये बौदिका राणीच्या बंडात ते शहर जाळून टाकलं गेलं. एकाचं वसणं म्हणजे दुसऱ्याचं उठणं, हे या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेलं आहे. आणि 'कोलोनुस'? जमिनीचा मानकरी असलेला हा शब्द हळूहळू कुळावर आला, आणि सम्राट कॉन्स्टंटाइनच्या इ.स. ३३२ च्या कायद्यात तो पळून गेला तर धरून परत आणायच्या, जमिनीला बांधलेल्या माणसाचं नाव झाला.

तेव्हा फलकावर 'वसाहत' खुशाल लिहा. तो आपल्या 'वसणे'च्या घरातला शब्द आहे, औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत आपण रोज बोलतोच. परक्या राज्याची आठवण टाळण्यासाठी 'कॉलनी' ठेवण्यात तर काहीच हशील नाही, ती आठवण 'कॉलनी'तच जास्त भरलेली आहे.

जाता जाता, हा शब्द आपल्या घरात आणखी एका वाटेने आलेला आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या एका वस्तीला सम्राट क्लॉडियसने पत्नी आग्रिपिना हिच्या जन्मगावाचा मान म्हणून इ.स. ५० मध्ये कोलोनियाचा दर्जा दिला. नाव लांबलचक होतं, त्यात सम्राट होता, राणी होती. लोकांच्या तोंडी उरलं ते फक्त 'कोलोनिया', त्याचं झालं कोलोन. तिथल्या सुगंधी पाण्यालाही गावाचंच नाव मिळालं. लहानपणी ताप चढला की आई कपाळावर ज्याच्या घड्या ठेवायची, ते कोलनवॉटर.