सह्याद्रीत वनखात्याच्या जंगलात, गर्दीपासून लांब तंबू टाकायला जागा कशी शोधायची?

प्रश्नात तुम्ही तीन अटी घातल्या आहेत. जागा जंगलात हवी, पैसे पडायला नकोत आणि तिथे ‘कोणाला विचारायची भानगड’ नको. पहिल्या दोन अटींपुरतं चार ओळींत उत्तर देता आलं असतं. लिहायला बसलो ते तिसरीमुळे. मी अकोले तालुक्यातला, हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की येत्या शनिवारी गाड्या उभ्या राहतील. नोकरीसाठी नाशिकला असतो, पण घर, आईवडील, गुरं, सगळं तिकडेच आहे.

आधी कामाचं सांगतो. तंबूची जागा शोधू नका, पाणी शोधा. पाणी सापडलं की सपाट तुकडा आसपास मिळतोच. आपला डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. पावसाचं पाणी वरच्या भेगाळ थरातून झिरपत उतरतं, खाली घट्ट दगड किंवा तांबडा पट्टा लागला की अडतं आणि त्या सांध्यातून बाहेर येतं. त्यामुळे झरे डोंगरात कुठेही नसतात, बरेचदा एकाच उंचीवर ओळीने सापडतात. त्याच्या आसपास पदर, म्हणजे दोन चढांच्या मधला सपाट पट्टा, असला की तुमचं काम झालं. नकाशावर समोच्च रेषांचे, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांचे, दोन दाट गठ्ठे आणि मध्ये विरळ पट्टा दिसला की तो पदर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशात दोन रेषांमध्ये २० मीटरची उंची असते, त्यामुळे बारके पदर त्यात हरवतात. म्हणून जोडीला उपग्रहाचं चित्र घ्या, पण ऑक्टोबरचं नको, तेव्हा सगळंच हिरवं असतं. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. त्यातली एप्रिल-मेची काढा. सगळा डोंगर करपलेला दिसेल आणि कड्याखाली एखादा हिरवा ठिपका राहिलेला असेल. तिथे उंबर, जांभूळ, करंज अशी झाडं असतात आणि त्यांच्या मुळाशी ओल असते. जुन्या धनगरवाड्याची जोती दिसली तरी समजा की पाणी जवळ आहे. पाण्याशिवाय कोणी तिथे झाप बांधला नसता.

खिंडीत तंबू नको, रात्रभर वारा झोपू देत नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रात नको, मार्चमध्येसुद्धा अवकाळी पाऊस येतो. कड्याला चिकटून नको, वानरं वरून दगड सोडतात. आणि दिवसाउजेडी मान वर करून कातळ नीट बघा. काळी आग्यामोहळं लटकलेली दिसली तर तिथून गुपचूप लांब जा. धूर आणि अत्तराचा वास, दोन्हींनी ती उठतात.

झरा सापडला म्हणून झऱ्यावरच बसू नका. दोनशे पावलं लांब राहा आणि अंधार पडण्याआधी पाणी भरून घ्या. उन्हाळ्यात अख्ख्या उतारावर तेवढं एकच पाणी असतं. भेकर, सांबर, रानडुक्कर रात्री तिथेच येतात. तुमचा उजेड आणि गाणी चालू असली तर ती तहानलेली परत जातात.

आता जमीन कोणाची. आमच्याकडचं बरंचसं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, १९८६ पासून. भीमाशंकर, कोयना, ताम्हिणी हीसुद्धा अभयारण्यं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे शिरायलाच परवानगी लागते आणि नाक्यावर मिळालेली प्रवेशाची पावती म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा गडावर तर मुक्काम बंदच आहे. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगल असलं तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ लागतंच, आणि त्यात विनापरवाना घुसणं आणि आग पेटवणं दोन्ही गुन्हे आहेत. म्हणजे ‘सरकारी जंगल, कुठेही तंबू टाका’ असा हक्क आपल्याकडे कोणालाच नाही. परदेशी व्हिडिओ बघून तसं वाटतं, पण तिकडचे कायदे वेगळे. शिवाय पदरावरचे कितीतरी गवताळ तुकडे जंगल नसतातच, ते गावातल्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. गटनकाशा आता ऑनलाइन दिसतो, बघून घ्या.

आता विचारण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी होळीनंतरच्या आठवड्यात मी घरी होतो. शहरातला एक ग्रुप आमच्या वरच्या पदरात उतरला होता. तंबू अगदी झऱ्याला लागून, आणि मध्ये शेकोटी. आबा गुरं घेऊन खाली येत होते, ते थांबले. माझे आबा मोठ्याने बोलणारे नाहीत. एवढंच म्हणाले, “पाव्हनं, जागेचं काय न्हाई, ऱ्हावा. इस्तू तेवढा इझवा. पहाटचं वारं फिरतंय.”

त्यांचा लीडर उठला आणि म्हणाला, “मामा, जंगल सरकारचं आहे. आम्ही टॅक्स भरतो. तुम्हाला किती पाहिजेत ते बोला.” आणि त्याने पाचशेची नोट काढून पुढे धरली.

आबांनी पैशाचा शब्दसुद्धा काढला नव्हता. ते तसेच खाली आले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

पहाटे आईने हाक मारली. पदरावर तांबडी रेघ सरकत होती. आम्ही दहाबारा जण धावलो, वाटेत करंजाच्या ओल्या फांद्या तोडून घेतल्या. वणवा विझवायला आमच्याकडे दुसरं काही नसतं. पुढे जाऊन गवत उपटून पट्टा मोकळा करायचा आणि बाजूने झोडपत आत यायचं. वाळलेल्या कारवीच्या काठ्या फटाफट फुटत होत्या आणि धुराने एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. उन्हं वर येईपर्यंत आग आटोक्यात आली. ग्रुप सॅका भरून निघायच्या तयारीत होता. लीडर म्हणाला, “आमची नाही, आम्ही झोपताना पाणी ओतलं होतं.” मी त्यांच्या चुलीपाशी गेलो आणि राखेवर हात धरला. धग होती. चुलीपासून काळा पट्टा सुरू होऊन वर गेला होता. पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा ओतून, शेवटी हाताने चाचपून गार लागली तरच चूल विझली. वरून बाटलीभर पाणी टाकून झोपायला जाणं याला विझवणं म्हणत नाहीत.

जळलं काय, हे त्या ग्रुपमधल्या कोणालाच कळलं नसेल. गवत जळलं म्हणजे पावसापर्यंतची गुरांची वैरण गेली. आणि त्या पट्ट्यात हिरड्याची झाडं होती. होळीनंतर हिरडा फुलतो आणि पुढे एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा गोळा करायचा हंगाम असतो. फळ करंगळीच्या पेराएवढं होतं न होतं तोच काढायचं, अंगणात उन्हात पसरायचं. आठवडाभरात ते काळंभोर आणि खडखडीत होतं, आणि मग व्यापारी किलोवर घेऊन जातो. अकोले, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांत वर्षातला रोख पैसा प्रामुख्याने तोच. शाळेची फी, पावसाळ्याआधीचं बियाणं, दवाखाना, सगळं त्याच्यातून. झाडं मेली नाहीत, पण धगीने मोहर करपला आणि त्या पट्ट्यातून त्या वर्षी आमच्या घरी काही आलं नाही.

नंतर त्या लीडरने इंटरनेटवर लिहिलं की अमुक भागातले गावकरी ट्रेकर्सकडून पैसे उकळतात, तिकडे जाताना गावात न थांबता थेट पदरावर जा. खाली झऱ्याचं लोकेशनही टाकलं. मी तिथे उत्तर लिहिलं होतं, ते त्याने काढून टाकलं. म्हणून इथे लिहितोय.

तो म्हणाला ते अर्धंच खरं आहे. जंगल सरकारचं आहे, पण म्हणून ते बिनमालकाचं होत नाही. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क तिथे राहणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवाशांचा मानतो, आणि हिरडा हे गौण वनोपजच आहे. त्याच कायद्याचं कलम ५ वाचा. सामूहिक वनसंपत्तीत कोणी यायचं, कसं यायचं याचं नियमन ग्रामसभा करू शकते आणि जंगलाला, जनावरांना बाधा येईल असं काम थांबवू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथली ग्रामसभा आपल्या जंगलाचा कारभार बघते. तेव्हा ‘इस्तू इझवा’ म्हणणारा म्हातारा कोणाच्या अधिकारात मध्ये पडला, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो अधिकार त्याचाच होता.

म्हणून माझं सरळ मत: आदल्या दिवशी गावात जा आणि विचारा. कोणतं टाकं होळीपर्यंत टिकतं, कोणता झरा मेमध्येही जिवंत असतो, कुठे बिबट्याने वासरू नेलंय, कुठे जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढलेली आहे, हे कोणत्याही ॲपवर नाही. तुम्ही नकाशावर महिनाभर डोकं घालून जी जागा काढाल, तिच्यापेक्षा चांगली जागा गुराखी पोरगा बोट दाखवून सांगतो. तुम्हा सगळ्यांची नावं आणि फोन नंबर गावात लिहून ठेवा. गाव आणि वनखातं यांची मिळून असलेली संयुक्त वन व्यवस्थापन समिती पावती करत असेल तर करा. ती पावती जिवावर येणाऱ्यांना एक विचारतो: रात्री तुमच्यातला एक जण घळीत पाय मोडून पडला, तर सगळ्यात आधी दोर आणि बॅटऱ्या घेऊन वर कोण येतं? गावातलीच पोरं येतात. तुम्ही वर आहात हे त्यांना माहीतच नसेल तर कशी येतील?

लोकेशन टाकू नका. या प्रश्नाखाली कोणी टाकलं असेल तर त्यांनी काढून टाकावं. आमच्या झऱ्यावर आता हंगामात दर शनिवारी तंबू असतात. एप्रिलमध्ये त्याच्यातून तासाला जेमतेम हंडाभर पाणी येतं.

शेकोटी तर कधीच नको. थंडी वाजत असेल तर जाड कपडे न्या, चहाला गॅस न्या, आणि तोही उघड्या कातळावर पेटवा. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचा एक मोठा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक माणसं गेली. वाळलेल्या गवताच्या उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर चढते. आम्ही ते बघितलं आहे.

काही गोष्टी राहिल्या. सगळीच गावं सरळ वागतात असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या गडांच्या पायथ्याला काही जण अव्वाच्या सव्वा पैसे मागतात आणि ते चूक आहे. तिथे पावती मागा, पावती नसेल तर वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा. नियमही बदलत असतात, वणव्याच्या दिवसांत आणि पावसाळ्यात वाटा अचानक बंद होतात, त्यामुळे निघायच्या आधी त्याच कार्यालयात विचारून घ्या. मी सांगितलं ते अकोले-जुन्नरच्या डोंगराबद्दल. कोयनेकडे गवे आहेत आणि जंगल दाट आहे, तिकडची गोष्ट तिकडच्याच माणसाने सांगावी. देवराईत तंबू नको, पाणी असलं तरी नको.

आणि जून ते सप्टेंबर पदरात झोपूच नका. पलीकडच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेलं, तेही अशाच उताराखाली वसलेलं होतं. पावसाळ्यात यायचंच असेल तर गावात कोणाच्या तरी पडवीत पथारी टाका आणि जेवणाचे पैसे आधी ठरवून द्या.