गाडी गेटवर अडते, तिथून आयटीचा हिशोब सुरू करा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: भोसरीत सुटे भाग बनवणारा घरचा कारखाना आहे. लॉकडाऊनच्या आधी बाहेरचा एक माणूस येऊन टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), प्रिंटर, हजेरीचं पंचिंग मशीन बघून जायचा. आता सॉफ्टवेअरची वर्गणी, नेट, क्लाउड (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) मिळून खर्च बराच वाढलाय. तेव्हा पगारी माणूस ठेवावा, की सगळं क्लाउडवर टाकून मोकळं व्हावं?

या दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती मालकानेच ठरवायची आहे. कॉम्प्युटर बंद पडला तर तुमच्याकडे नेमकं काय थांबतं?

२०१९ साली थांबायचं ते मुख्यतः अकाउंट्स. हाताने चलन फाडून बराच माल जायचा, नोंद दोन दिवसांनी झाली तरी चालायची. आता तसं राहिलेलं नाही. ई-इन्व्हॉइस (प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू झालं आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात तुमची उलाढाल त्यापुढे गेली असेल, तर धंदेवाल्या गिऱ्हाइकाला दिलेलं बिल आयआरएनशिवाय, म्हणजे त्या पोर्टलवरून मिळणाऱ्या नंबराशिवाय, बिलच धरलं जात नाही. आयआरएन नाही म्हणजे बिलावर क्यूआर कोड नाही, आणि गिऱ्हाईक मालच उतरवून घेत नाही. म्हणजे दुपारी नेट गेलं की भरलेला टेम्पो गेटवर उभा, आणि चाकणला गिऱ्हाइकाच्या कारखान्यात तुमच्या मालाची वाट बघणारी असेंब्ली लाईन. पूर्वी अकाउंटंटच्या केबिनमध्ये असलेलं आयटी आता डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल रवाना होतो तिथे, येऊन बसलंय. महामारीने सवयी बदलल्या हे खरंच, पण लहान कारखान्यापुरतं बोलायचं तर त्याच काळात आलेल्या नियमांनी त्याहून जास्त बदल केला, असं माझं मत आहे.

दुसरं, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. मार्च २०२० मध्ये घरून टॅली बघता यावं म्हणून अनेक ठिकाणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं) पोर्ट थेट इंटरनेटला उघडून दिलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण लॉकडाऊन उठलं तरी ते पोर्ट कित्येक कारखान्यांत अजून उघडंच आहे, पासवर्डही तोच. रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) घुसायची ही जुनी, ठरलेली वाट. फाइल्स लॉक होतात, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच सर्व्हरला कायम जोडलेली असेल तर तीही जाते. आजच्या आज तपासा. घरून काम लागतच असेल तर व्हीपीएन (कारखान्यापर्यंतची खाजगी, सुरक्षित जोडणी) आणि ओटीपी घालून करा. असा हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. तो फोन किंवा मेल कोण करणार, हे आधीच ठरलेलं बरं.

क्लाउडबद्दल: जरूर जा, पण निर्धास्त होऊ नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. एवढ्या मोठ्यांचं अडतं, तर आपलंही अडणार हे धरून चालायचं. वेगळ्या कंपनीची दुसरी नेट लाईन किंवा निदान मोबाइल डोंगल डिस्पॅचच्या टेबलावर हवंच. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (नोंदीत कधी काय बदललं याचा माग) चालू असणं सक्तीचं आहे. जुनं, फुकटात चालवलेलं व्हर्जन आता परवडत नाही ते यामुळेही.

माणसाचं म्हणाल, तर पूर्णवेळ आयटी इंजिनिअर तुमच्या आकाराला बहुधा लागणार नाही. स्टोअर्स किंवा डिस्पॅचमधला एखादा हुशार मुलगा निवडा, ज्याला माल कसा फिरतो ते कळतं. बाहेरच्या एजन्सीचं काम त्याच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. नेटवर्क, फायरवॉल, बॅकअप एजन्सीने सांभाळावं. पण डोमेन, मेलचं अॅडमिन खातं, जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर हे मालकाच्या किंवा कंपनीच्याच नावावर हवं. सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या फोनवर ओटीपी जातोय आणि रिटर्नची शेवटची तारीख आहे, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी येतात तो नंबरही कंपनीचाच ठेवा. नाहीतर सेल्समन गेला की गिऱ्हाइकाशी झालेलं सगळं बोलणं त्याच्याबरोबर जातं.

खर्चाचा आकडा मी आत्ता मुद्दाम सांगत नाही. येत्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा एक रिकामा पीसी घ्या, बॅकअपमधून टॅली त्यावर उभी करा आणि शेवटचं बिल दिसतं का ते बघा. किती तास लागले आणि कुठे अडलं ते इथे लिहा, मग एजन्सीकडून नेमकं काय मागायचं ते सविस्तर सांगतो.