संदेशचौकटीतला मजकूर ठळक, रंगीत करता येतो का?

प्रश्न : एक्सेलमधले माझे मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) शेवटी एक संदेशचौकट दाखवते. तिच्यात नोंदींची संख्या, सरासरी रक्कम आणि चुकलेल्या ओळींचे क्रमांक येतात, पण सगळे सलग. शिवाय शीटमध्ये ४,१६६.६७ दिसणारी रक्कम चौकटीत ४१६६.६६६६६६६६६६६७ अशी उमटते. चुका लाल आणि ठळक अक्षरांत दाखवता येतील का?

उत्तर : एमएसजीबॉक्स (संदेशचौकट दाखवणारी मॅक्रोतली आज्ञा) वापरल्यावर येणारी चौकट विंडोज काढते आणि तिचा फॉन्टही विंडोजच ठरवते, त्यामुळे तिच्यातला एखादाच शब्द ठळक किंवा लाल करण्याची सोय मॅक्रोला नाही. त्या आज्ञेला व्हीबीक्रिटिकल हा पर्याय दिल्यास लाल फुलीचे चिन्ह तेवढे येते. ओळी तोडण्यासाठी मात्र मजकुराच्या तुकड्यांमध्ये व्हीबीन्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारी खूण) जोडावे. वाचणाऱ्याचे निम्मे कष्ट तिथेच वाचतात.

रकमेचे कारण वेगळे आहे. सेलचे फॉरमॅट फक्त दिसण्यापुरते असते आणि मॅक्रोने सेलचा व्हॅल्यू हा गुणधर्म मागितल्यावर मूळ आकडा हाती येतो, म्हणून तो फॉरमॅट फंक्शनमधून स्वल्पविराम व दोन दशांश स्थळे लावून घ्यावा. सेलचा टेक्स्ट गुणधर्म (सेलमध्ये दिसतो तसा मजकूर) वापरण्याचा मोह होतो, पण स्तंभ अरुंद असला तर रकमेऐवजी नुसत्या जाळीच्या खुणा (####) येतात, म्हणून मी तो टाळतो. मोकळ्या जागा घालून स्तंभ जुळवू नयेत, कारण तिथल्या फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते. संदेशाला सुमारे १०२४ अक्षरांची मर्यादाही आहे. चुकलेल्या ओळींची यादी लांबली की तिचे शेपूट दिसतच नाही, आणि हिशेबाच्या कामात हे मला रंग नसण्यापेक्षा फार गंभीर वाटते.

तुम्हाला हवे ते युजरफॉर्ममध्ये, म्हणजे स्वतः मांडणी केलेल्या खिडकीत जमेल. तिच्यात मजकूर दाखवणाऱ्या एका लेबलला एकच रूप मिळते, म्हणून चुकांसाठी स्वतंत्र लेबल ठेवून त्याचा फॉन्ट बोल्ड आणि फोरकलर (अक्षरांचा रंग) लाल करावा. संदेश मराठीत हवा असेल तर वाक्ये कोडमध्ये लिहू नयेत, कारण व्हीबीएच्या (मॅक्रो लिहिण्याच्या भाषेच्या) संपादकात देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात; ती वाक्ये एखाद्या शीटच्या सेलमध्ये लिहून तिथून लेबलच्या कॅप्शनमध्ये (त्यावर दिसणाऱ्या मजकुरात) घ्यावीत. लेबलचे वर्डरॅप (लांब ओळ आपोआप मोडणे) आणि ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे आकार बदलणे) हे दोन्ही गुणधर्म ट्रू ठेवावेत, नाहीतर यादी वाढल्यावर खालच्या ओळी इथेही कापल्या जातील.