वाचकांचे प्रश्न : नव्या रिळाची नदीवरची परीक्षा

प्रश्न : वाळूज येथे माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. गळाने मासे धरण्याच्या छंदापायी मी बाजारातल्या एका स्पिनिंग रिळात फेरफार करून नवे रीळ तयार केले आहे. मूळ रिळाचे स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळण्याची फिरकी, ४५ मिलिमीटर व्यासाचे आणि खोल होते. माझे ५२ मिलिमीटरचे, पण उथळ आहे. गिअर ५.२ पटींऐवजी ५ पटींचे ठेवले आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे पाच वेढे बसतात. पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरीवर ते काही ओळखीच्या मंडळींना वापरायला दिले. एकाने त्यावर मोठा कटला काढला, त्याच्या मते रीळ उत्तम आहे; दुसऱ्याची दोरी तुटली, त्याच्या मते ते बिनकामाचे आहे. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : तूर्त दोघांचेही मानू नये. कटला गळाला लागला तो आमिषामुळे आणि जागेमुळे, आणि दोरी तुटली ती खडकावर घासून, सैल गाठीमुळे की ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सोडणारा ब्रेक) जास्त आवळल्यामुळे, हे आपण कळवलेले नाही. आपल्याकडच्या नद्यांचा तळ काळ्या पाषाणाचा असल्याने त्याच्या कडांवर चांगली दोरीही चिरते, आणि त्याचे खापर बिचाऱ्या रिळावर फुटते. म्हणून रीळ आधी टेबलावर तपासावे, मग मोकळ्या रानात, आणि सर्वांत शेवटी माशाच्या तोंडी द्यावे. तपासताना जुने, फेरफार न केलेले रीळ नेहमी शेजारी असावे, कारण तुलनेवाचून मिळालेला कोणताही आकडा आपल्याला काही सांगत नाही.

आपल्या फेरबदलातून काय साधते आणि काय हातचे जाते, हे प्रथम हिशेबाने पाहू. हँडलच्या एका फेऱ्यात किती दोरी आत येते, हे स्पुलावरच्या दोरीचा परीघ गुणिले गिअरची पट या हिशेबाने निघते. जुन्या रिळावर ती सुमारे ७३ सेंटिमीटर येत असणार, आपल्या रिळावर सुमारे ८२ सेंटिमीटर यावी. हा लाभ उघड आहे. परंतु विहिरीच्या रहाटाचे चाक मोठे केले की दोर भराभर वर येतो आणि हाताला पोहरा जड लागतो, तसेच येथेही होते. हँडल त्याच लांबीचे आणि हाताचा जोर तेवढाच धरला, तर आपल्या रिळाची दोरीवरची ओढ जुन्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी भरेल. साचलेल्या पाण्यात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. धारेविरुद्ध जड गळ ओढताना मात्र मनगट तक्रार करील. हँडल पाच-सहा मिलिमीटरने लांब करून पाहावे आणि मगच गिअरला हात लावावा.

उथळ स्पुलाचा खरा फायदा ड्रॅगमध्ये आहे आणि माझ्या मते आपल्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. ड्रॅगचे वॉशर स्पुलाला आसाशी दाबून धरून ठेवतात. दोरीवर प्रत्यक्ष येणारा ताण मात्र त्या क्षणी दोरी आसापासून किती अंतरावर गुंडाळलेली आहे, यावर ठरतो. मासा दोरी घेऊन पळू लागला की स्पूल रिकामे होत जाते, दोरीचा थर आसाकडे सरकतो आणि ड्रॅग आवळण्याच्या नॉबला हात न लावताही ताण वाढतो. भरलेल्या ४५ मिलिमीटरच्या स्पुलावर दीड किलो ताण बसवला असेल आणि दोरी ३० मिलिमीटरपर्यंत उतरली, तर तोच ताण सव्वादोन किलो होतो. आपले उथळ स्पूल ५२ वरून ४४ पर्यंतच उतरत असेल, तर दीड किलोचे पावणेदोन किलोच्या किंचित वर जाईल. लांब धावणाऱ्या कटल्याच्या शेवटच्या हिसक्यात दोरी तुटते ती बहुधा याच कारणाने, आणि मासेमार म्हणतो की मासा दांडगा होता. याची दुसरी बाजू अशी की व्यास वाढल्यामुळे तोच दीड किलो ताण देण्यासाठी आपल्या वॉशरना सुमारे पंधरा टक्के जास्त जोर धरावा लागेल. जुनेच वॉशर वापरले असतील तर ते तापतात का, हे पाहावे.

तपासण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ५ किलोपर्यंतचा ताणकाटा पुरेसा आहे. रीळ शिकंज्यात पक्के धरावे, दोरीचे टोक काट्याच्या आकड्यात अडकवावे आणि काटा अगदी सावकाश, एका गतीने ओढावा. स्पूल सुटण्याच्या क्षणी काटा कोठे होता आणि फिरू लागल्यावर कोठे स्थिरावला, हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. काटा दोन किलोपर्यंत चढून मग धाडकन दीडवर येत असेल, तर वॉशर चिकटत आहेत असे समजावे. तो पहिला अर्धा किलोच बारीक दोरीचा घात करतो. चांगल्या ड्रॅगमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. हेच माप भरलेल्या, अर्ध्या आणि बऱ्याच रिकाम्या स्पुलावर घ्यावे, आणि नंतर रीळ काठीला लावून, दोरी सगळ्या कड्यांतून ओवून, काठी वाकवून पुन्हा घ्यावे. वाकलेल्या काठीच्या कड्यांवरचे घर्षण ताणात भर घालते, त्यामुळे दुसरा आकडा नेहमीच मोठा येईल. दोरी जितक्या किलोची असेल त्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ताण भरलेल्या स्पुलावर बसवावा, म्हणजे सहा किलोच्या दोरीला दीड ते दोन किलो. ताणकाटा हाताशी नसेल तर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली दोरीला टांगावी. तिचे वजन किलोच्या किंचित वर असते, एवढ्यावर ढोबळ अंदाज येतो.

फेकीची परीक्षा कापणी झालेल्या रानात घ्यावी. काठी, दोरी, शिशाचे वजन आणि फेकणारा माणूस तोच ठेवून दोन्ही रिळे आलटून पालटून लावावीत. आधी सगळ्या फेका एका रिळाच्या आणि मग दुसऱ्याच्या घेतल्या, तर मधल्या काळात वारा फिरतो आणि हातही सैल होतो. सर्वांत लांब गेलेल्या फेकीचे कौतुक करू नये; सगळ्या फेका लांबीने ओळीत मांडून मधली कोणती येते ती पाहावी. दोरी स्पुलाच्या ओठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील एवढीच भरावी, जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. मोठ्या स्पुलावरून सुटणारी वेटोळीही मोठी असतात. काठीची पहिली कडी लहान असेल तर ती तेथे आपटतात आणि व्यास वाढवून मिळवलेले अंतर तेथेच खर्ची पडते. फेक अपेक्षेएवढी लांब जात नसेल तर दोष आधी या कडीत शोधावा.

नदीवर नेताना मुख्य भीती गाळाची आहे. पावसाळ्यात आपल्या नद्यांना येणारा काळ्या मातीचा गाळ इतका बारीक असतो की तो ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशच्या लेपासारखे काम करतो आणि गिअरचे दात झिजवतो. बादलीभर पाण्यात काळी माती कालवून त्यात रीळ बुडवावे, हँडल फिरवावे, रात्रभर वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहावे. गाळ प्रथम सापडतो तो लाइन रोलरमध्ये (आत येणारी दोरी ज्यावरून सरकते त्या छोट्या चाकात) आणि मागे फिरणे रोखणाऱ्या क्लचमध्ये. त्या क्लचचे बारीक रूळ ग्रीस घट्ट झाले की अडकतात आणि मासा लागल्यावर हँडल उलटे फिरते. तेथे ग्रीस नको, पातळ तेलाचा थेंब पुरे. उन्हाची परीक्षाही सोडू नये. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. रीळ तासभर उन्हात ठेवून ड्रॅगचे माप पुन्हा घ्यावे आणि सावलीतल्या मापाशी ताडून पाहावे.

एवढे झाल्यावर रीळ त्याच दोन गृहस्थांना द्यावे, मात्र ड्रॅग आपण स्वतः मापून बसवून द्यावा आणि आमिष व दोरी दोघांना एकच द्यावी. मरळ झडप घालून जवळच झुंजते, कटला व रोहू लांब पळतात. दोन्ही प्रकारच्या माशांवर रीळ कसे वागले, हे विचारल्याशिवाय मत बनवू नये.

प्रश्न : स्पिनिंग रिळावर नायलॉनच्या दोरीला पीळ पडतो. हा रिळाच्या रचनेचाच दोष आहे का? नव्या रचनेत तो जाऊ शकेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पीळ रचनेतच आहे, पण त्याला दोष म्हणणे अन्यायाचे होईल. या रिळात स्पूल स्थिर राहते आणि दोरी त्याच्या टोकावरून सुटते. ब्रॅडफर्डच्या कापड उद्योगातील अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत कसे सुटते, ते त्यांच्या डोळ्यांपुढे होते. आपल्या नांदेडला उस्मानशाही गिरणीत ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोरी गुंडाळताना प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ बसतो आणि फेकताना तो सुटतो. हिशेब बरोबरीत राहतो.

तो बिघडतो तो आपल्या सवयीने. मासा दोरी ओढून नेत असताना, ड्रॅग करकरत असताना, अनेक जण घाईने हँडल फिरवत राहतात. दोरी आत येत नाही, रोटर (स्पुलाभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग) मात्र फिरतो, आणि पाच पटींच्या गिअरवर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ दोरीत भरले जातात. मासा ओढतो तेव्हा हँडल थांबवावे, काठी वर घ्यावी, आणि काठी खाली आणताना तेवढीच दोरी गुंडाळावी. गोल फिरणाऱ्या आमिषापुढे फिरती कडी लावावी. फेकीनंतर बेलची, म्हणजे दोरी सोडण्यासाठी उघडायच्या कमानीची, तार हँडलने न मिटवता हाताने मिटवून दोरी किंचित ओढून घ्यावी, म्हणजे सैल वेटोळे आत जात नाही. पीळ बसलाच तर गळ, शिसे सगळे काढून नुसती दोरी वाहत्या धारेत लांब सोडावी आणि थोड्या वेळाने बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्यावी.

प्रश्न : रिळाच्या चाचणीसाठी गोदावरीवर वाहते पाणी कोठे आणि केव्हा मिळेल? परवानगी लागते का?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : पैठणपासून खाली गोदावरी आता बंधाऱ्यांच्या साखळीतूनच वाहते. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी असे बंधारे एकामागून एक असल्याने त्यांच्या फुगवट्यात पाणी तळ्यासारखे उभे असते. धार हवी असेल तर पावसाळा ओसरतानाचे दिवस बरे. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, त्यामुळे त्या भागात या काळात पात्र वाहते राहते. मात्र जायकवाडीतून किंवा विष्णुपुरीतून विसर्ग सुरू असताना बंधाऱ्याच्या खालच्या खडकांवर मुळीच उभे राहू नये. विसर्ग वाढला की पाणी चढायला फार वेळ लागत नाही.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी त्यांना विचारावे. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेथे वन विभागाला विचारल्याशिवाय काठी काढू नये. पावसाळ्यात कटला-रोहूची अंडी घालण्याची वेळ असते. चाचणीत सापडलेली गाभोळीची मादी परत पाण्यात सोडावी.

प्रश्न : आम्ही मित्रांनी केलेली रिळाची नवी रचना नदीकाठी दहा जणांसमोर वापरली, तर पुढे पेटंट मिळण्यास अडचण येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : येऊ शकते. पेटंटसाठी रचना अर्जाच्या आधी लोकांसमोर आलेली नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३२ मध्ये सवलत आहे; परंतु उपयोग केवळ वाजवी चाचणीसाठी झालेला असावा, तो चारचौघांत करणे त्या वस्तूच्या स्वरूपामुळे गरजेचे असावे आणि अर्ज त्यानंतर वर्षाच्या आत केलेला असावा, अशा तिच्या अटी आहेत. नदीवरच्या रिळाला हे लागू पडेल असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा तात्पुरत्या तपशिलासह अर्ज आधी दाखल करावा. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात आणि तेवढ्या अवधीत नदीवरची मापे घेऊन होतात. रिळाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह तोपर्यंत आवरावा, कारण त्याला चाचणी म्हणता येणार नाही.