बाटली भरलेली का परत येते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. पोरगी नववीत. आठवीपर्यंत गावातल्या शाळेत होती, आता शाळकरी मुलींसाठीच्या ‘मानव विकास’ योजनेच्या निळ्या बसनं तालुक्याला जाते. सकाळी आठला निघते, संध्याकाळी सहाला घरी. पोहे करा, भाकर कुस्करून द्या, तोंडाला लावत नाही. गणिताच्या तासाला बाकावर डोकं टाकते, अशी सरांची तक्रार. मोबाइल पाहून बारीक व्हायचं खूळ शिरलं असं आईला वाटतं. मोबाइल काढून घेऊ का, असं त्या विचारतात. आणि शेवटी एक ओळ: ‘पाण्याची बाटलीही भरलीच्या भरली परत आणते.’

ताई, मोबाइल राहू द्या. त्या बाटलीकडे पाहा.

बारीक व्हायचं असेल तर पोरगी जेवण सोडेल, पाणी कशाला सोडेल? जी पाणीही पीत नाही, तिला शाळेत लघवीला जायची वेळच येऊ द्यायची नाही. सकाळी खाल्लं की पाणी लागतं, पाणी प्यालं की जावं लागतं. तिथे दाराला कडी नसेल, नळ कोरडा असेल, बाहेर पोरं उभी राहत असतील. चौदा वर्षांची पोर हे आईलाही सांगत नाही, ‘भूक नाही’ म्हणते आणि बस पकडते.

गावात दुपारची खिचडी तरी होती. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, नववीत गेली की बंद. म्हणजे रात्री आठला जेवलेली पोर दुसऱ्या दुपारपर्यंत कोरडी. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा उतरलेला असतो, आणि शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकट्या मेंदूला लागतो. वरून पाणी नाही. डोकं दुखणारच, लक्ष उडणारच. तिला आळशी ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. लघवी रोज अशी दाबून धरली की संसर्ग होऊ शकतो, तो त्रास वेगळाच. शाळेतली लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून पोरी ती टाळतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. तुमची पोर त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे.

आज रात्री ती एकटी असताना ‘खात का नाहीस’ विचारू नका. ‘शाळेत लघवीला जातेस का?’ एवढंच विचारा. खाली पाहिलं की समजा.

मग या आठवड्यात, शाळा चालू असताना, मधल्या सुट्टीत शाळेत जा. न सांगता जा. सोबत त्याच बसनं जाणाऱ्या पोरींच्या दोन आया घ्या. मुलींच्या संडासात स्वतः जाऊन या, कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा. जे दिसेल ते त्याच पावली मुख्याध्यापकांच्या खोलीत सांगा, आणि शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते विचारा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि तिथे आठवीपर्यंतचेही वर्ग असतील, तर शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. दुरुस्तीची तारीख कागदावर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

कापूस वेचणीचे दिवस आहेत, एक रोजी बुडेल. बुडू द्या.