लॅपटॉपवर बेंजो रेकॉर्ड करताना एको ऐकत वाजवायचंय, पण आवाज उशिरा आणि डबल येतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात घरीच बेंजो ऑडिओ इंटरफेसला (वाद्य लॅपटॉपला जोडणारा डबा) जोडून रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता, आणि एको फाइलमध्येच छापला जाईल अशी धास्ती आहे. आधी ती धास्ती. ट्रॅकच्या एफएक्स बटणात टाकलेला इफेक्ट नुसता ऐकू येतो, फाइल कोरडीच, म्हणजे इफेक्टशिवाय, राहते. ‘इनपुट एफएक्स’मध्ये टाकलात तर मात्र कायमचा छापला जातो. कोरडंच ठेवा. मिरवणुकीत शोभणारा एको गाण्याच्या मिक्समध्ये नुसता चिखल करतो आणि छापलेला एको मागनं काढता येत नाही.

डबल आवाजाचं कारण साधं आहे. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला) चालू आहे आणि ट्रॅकवरचं मॉनिटरचं बटणही (आवाज कॉम्प्युटरमधून फिरून) चालू. एकच सूर दोन वाटांनी येतो, थोडा मागेपुढे, म्हणून पाइपमधून आल्यासारखा पोकळ लागतो.

आता उशीर. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. ४८,००० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे ४२ च्या वर. यावर द्रुत लय वाजणारच नाही. प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथं जाऊन एएसआयओ (कमी उशिराची ड्रायव्हर पद्धत) आणि तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचाच ड्रायव्हर निवडा, बफर १२८ करा. दोन्ही वेळचे मिळून ५.३, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचे काही, असे साधारण ८-१० मिलिसेकंद होतात. म्हणजे स्पीकर तुमच्यापासून तीन-साडेतीन मीटरवर ठेवल्यासारखं. ट्रॉलीवरच्या स्पीकरसोबत वाजवणाऱ्याला एवढं जाणवतही नाही. ब्लूटूथ हेडफोन असेल तर हा सगळा हिशोब फुकट, वायरचाच घ्या.

पण जुन्या लॅपटॉपवर १२८ ला तडतड सुरू होते. मग बफर २५६ ला नेऊन वेगळी वाट धरा, आणि माझ्या मते बेंजोला हीच बरी: कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून ऐकूच नका. तो डायरेक्ट मॉनिटरवरनं ऐका, तिथं उशीर जवळपास शून्य. कॉम्प्युटरकडून फक्त एको घ्या. ट्रॅकवर रीडिले (रीपरचाच एको) टाका, त्यातला ‘ड्राय’ (मूळ आवाज) स्लायडर पार तळाला न्या, ‘वेट’ (एको) −१२ डीबीच्या आसपास ठेवा, ट्रॅकचं मॉनिटर चालू. १२० च्या लयीत एका मात्रेचा एको ५०० मिलिसेकंदांनी येतो. त्यात २५६ च्या बफरचे वरचे १५ कुणाच्या कानाला कळणार? रिव्हर्बला (घुमारा) रीपरचंच रीव्हर्बेट अशाच पद्धतीनं लावा, तिथं तो उशीर प्री-डिलेसारखा (घुमारा सुरू होण्याआधीचा छोटा थांबा) उलट खुलतो. टेक झाल्यावर ऐकताना ‘ड्राय’ परत ० डीबीवर आणा, नाहीतर मूळ बेंजो गेला कुठं म्हणून शोधत बसाल. फाइल शाबूत असते.

डिस्टॉर्शनला ही युक्ती चालत नाही, कारण तिथं मूळ आवाजच बदलायचा असतो. तेव्हा डायरेक्ट मॉनिटर बंद, बफर ६४ किंवा १२८, आणि ट्रॅकवर किंवा मास्टरवर लुकअहेडवाला लिमिटर, लिनिअर फेज ईक्यू असली प्लगइन नको, ती स्वतःच उशीर वाढवतात. एफएक्स खिडकीत खाली सीपीयूशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो. तो मोठा दिसला की गुन्हेगार तोच प्लगइन. असली प्लगइन मिक्सच्या वेळी लावा.

पिकअपची वायर थेट येत असेल तर इंटरफेसवर ‘इन्स्ट’ दाबा. लाइनवर ठेवलात तर आवाज मंद आणि बोथट येतो. मध्ये मिक्सर किंवा प्रीअँप असेल तर उलट लाइनच. जोरात नखी मारली तरी मीटर −१० च्या वर जाऊ देऊ नका. घूं आवाज येत असेल तर क्षणभर चार्जर काढून बघा. थांबला, तर बोर्डातलं अर्थिंग तपासून घ्या. बॅटरीवर रेकॉर्डिंग करत बसू नका, विंडोज वेग कमी करतं आणि तडतड परत येते.